कंदय्यापर्यंतची वाट

फौजेतून निवृत्त होऊन घरी आलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला शेवटचं पोस्टिंग मिळालं. ते फौजेचं नव्हतं. श्रीलंकेच्या उत्तरेत युद्धातले सुरुंग काढणाऱ्या एका संस्थेला माजी इंजिनिअर सैनिक हवे होते. माझ्या एका जुन्या अधिकाऱ्याचा फोन आला.

"सुभेदार साब, जमिनीवर झोपून काम करायला कंबर अजून चालते का?"

"चालते, सर."

एवढ्यावर मुलाखत संपली.

मी सुभेदार शंकर राव जाधव, इंजिनिअर्स, निवृत्त. राहणार चामराजपेट, बेंगळूर. आमचे पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले असं वडील सांगायचे. त्यानंतर घोड्यावर कुणी बसलं नाही. वडिलांचं मार्केटजवळ कापडाचं छोटं दुकान होतं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, फौजेत हिंदी, आणि माझ्या कंपनीत निम्मे जवान तमिळ असल्यामुळे तमिळ, अशा चार भाषा मी बोलतो. त्यातली एकही कुठल्या शाळेत नीट शिकलो नाही. माझं मराठी पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला स्वल्प वेगळं लागेल. चालवून घ्या.

तमिळ येतं म्हणून माझी निवड झाली. जाताना मी एकच अट घातली. म्हटलं, हवालदार मुनिरत्नलाही घ्या.

मुनिरत्न पीण्याचा, म्हणजे बेंगळूरच्या कारखान्यांच्या भागातला. वडील तिथल्या एका कारखान्यात वॉचमन होते. माझ्या हाताखाली तो जवान म्हणून आला आणि हवालदार होऊन निवृत्त झाला. आम्ही दोघांनी राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरलेही आहेत आणि काढलेही आहेत. पेरायला काही दिवस लागतात. काढायला किती लागतील हे कुणी सांगू शकत नाही, कारण वाळू सरकते आणि तिच्याबरोबर माइनही सरकते. नकाशात असते तिथे ती सापडत नाही. त्या कामात शांत डोक्याची माणसं लागतात. मुनिरत्नइतका शांत माणूस मी पाहिलेला नाही. त्याची बायको जयम्मा सांगायची, तुमकूर रोड ओलांडायचा असला तर हा इतका वेळ उभा राहतो, की मी याला तिथेच सोडून पलीकडे जाते आणि भाजी घेऊन परत येते, तरी हा आपला त्याच कडेला.

उत्तर श्रीलंकेत आमचा तळ ताडाच्या झाडांमधे होता. पत्र्याच्या शेड, पाण्याची टाकी, एक अ‍ॅम्ब्युलन्स. जमीन सपाट, वाळूची, जागोजागी पडक्या घरांच्या भिंती. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं तिथे सुरुंग पेरले होते. कुणी कुठे पेरले ते सांगणारे बरेचसे मेले होते. लोक आपल्या गावाला परतले होते, पण शेतात पाय ठेवता येत नव्हता.

कामाची पद्धत सांगतो. मीटरभर रुंदीची लेन आखायची. पुढे आडवी काठी ठेवायची. काठीच्या अलीकडची जमीन साफ, पलीकडची नाही. डिटेक्टर फिरवायचा. आवाज आला की पोटावर झोपून प्रॉडर नावाच्या सळीने तिरकं टोचत जायचं, माती हाताने बाजूला करायची. आवाज बहुतेक वेळा खिळ्याचा, पत्र्याचा, गोळीच्या रिकाम्या पुंगळीचा असतो. तरी प्रत्येक वेळी माइन आहे असंच समजायचं. मग काठी थोडी पुढे सरकवायची. अंगावर जाड एप्रन, तोंडावर व्हायझर, वर ऊन. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी प्लास्टिकची वस्तू शोधायची असते. तिच्यात धातू नखाएवढा.

माझ्या टीममध्ये गावातल्या तमिळ बायका होत्या आणि दक्षिणेकडून आलेले सिंहली पुरुष होते. दोघांची नावं सांगितली तरी पुरे. बंडारा श्रीलंकेच्या सैन्यात कॉर्पोरल होता. याच पट्ट्यात लढला होता. सेल्वीचा भाऊ समोरच्या बाजूने लढत याच पट्ट्यात गेला होता. ती सुरुंगही काढायची आणि आमची मेडिकही होती. कागदावर याला प्रादेशिक सहकार्य म्हणतात. प्रत्यक्षात जेवायच्या सुट्टीत बायका एका झाडाखाली बसत आणि पुरुष दुसऱ्या. मधे कुणी जात नसे.

मुनिरत्न पहिल्या दिवशी आपला डबा घेऊन दोन्ही झाडांच्या मधोमध उन्हात जाऊन बसला. मी विचारलं, "इथे का?"

"साब, मला कुठल्याच झाडाखाली कुणी बोलावलं नाही."

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच बसला. तिसऱ्या दिवशीही. शेवटी सेल्वीच वैतागली आणि म्हणाली, हा माणूस उन्हाने मरेल आणि मला सलाइन लावत बसावं लागेल. तिने स्टोअरमधून ताडपत्री मागितली. तिची दोरी एका झाडाला सेल्वीने बांधली, दुसऱ्या झाडाला बंडाराने. त्यानंतर सगळे ताडपत्रीखाली जेवू लागले. फार बोलत नसत. पण मीठ मागायचे, पाणी द्यायचे. बंडारा मुनिरत्नकडून तमिळ शिकला. त्यामुळे त्याच्या तमिळला बेंगळूरचा वास आहे, असं सेल्वी म्हणायची.

कंदय्या आम्हाला तिथे भेटला. साठीच्या आसपासचा माणूस. युद्धात बायकोला, रासम्माला घेऊन होडीतून तमिळनाडूला गेला. कितीतरी वर्षं तिथल्या निर्वासित छावणीत काढली. परत आला तर त्याचं शेत आमच्या नकाशावर लाल रंगात. शेताच्या मधोमध त्याच्या बापाने खणलेली विहीर. नवराबायको रोज सकाळी धोक्याची हद्द दाखवणाऱ्या टेपच्या बाहेर येऊन उभे राहत आणि विहिरीकडे बघत.

"ऐय्या, विहिरीपर्यंत कधी पोचाल?" तो मुनिरत्नला विचारायचा.

"पावसाच्या आधी."

"नक्की?"

"सावकाश, पण नक्की."

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

त्या दिवशी सकाळची पहिली सुट्टी नुकतीच झाली होती. लोक पाणी पिऊन लेनमध्ये परतत होते. कंदय्या रोजच्या जागी नव्हता. रासम्मा एकटीच उभी होती. तो पलीकडच्या बाजूने, जिथे ताडाच्या झावळ्यांचं जुनं कुंपण मोडलं होतं, तिथून आत शिरला होता. विहीर दिसत होती. इतक्या जवळ आलेली विहीर बघून त्याला राहवलं नसावं.

माइनचा आवाज सिनेमातल्यासारखा नसतो. जड लाकडी दार वाऱ्याने आपटावं, तसा असतो. सगळे जागच्या जागी थांबले. हे ड्रिल आहे. मी रेडिओवर हजेरी घेतली. एकेक लेनमधून ओके आलं. आमचं कुणी नव्हतं. मग ओरडणं ऐकू आलं.

विहिरीच्या अलीकडे कंदय्या पडला होता. डाव्या पायाचं पाऊल गेलं होतं. रासम्मा टेपखालून आत धावली. बंडाराने तिला दोन्ही हातांनी मागून धरलं. ती त्याला मारत होती. तो धरून राहिला आणि बायकांनी तिला त्याच्याकडून घेतलं.

मुनिरत्न माझ्याजवळ आला. "साब, मी जातो."

"किती अंतर?"

त्याने नजर टाकली. "आपल्या लेनच्या टोकापासून बारा मीटर. थोडं जास्तच."

"जा. बंडारा मागे स्ट्रेचर घेऊन येईल."

लोक मला विचारतात, बारा मीटरच ना, धावत जाऊन उचलून का आणलं नाही? चामराजपेटमधल्या आमच्या रस्त्याची रुंदी साधारण तेवढीच आहे. मी त्यांना गॅलरीत नेऊन ती दाखवतो. म्हणतो, समोरच्या फुटपाथवर माणूस पडला आहे, रक्त जातंय, तुमचं नाव घेऊन हाका मारतोय. आणि तुम्हाला पोटावर झोपून, सळीने जमीन टोचत, वीत वीत पुढे जायचं आहे. धावलात तर दोन माणसं पडतील. मग त्या दोघांसाठी तिसरा जाईल. म्हणून धावायचं नाही. हे शिकवायला सोपं आहे. करायला काय लागतं ते त्या दिवशी मी पाहिलं.

मी कंट्रोल पॉइंटवर दुर्बीण आणि रेडिओ घेऊन उभा होतो. सेल्वी लेनच्या तोंडाशी उभी राहून तमिळमधून ओरडत होती.

"ऐय्या! लुंगी फाडा! गुडघ्याच्या वर बांधा! दातांनी ओढा! अजून घट्ट!"

कंदय्याने बांधलं. मुनिरत्न पोचेपर्यंत त्याचा जीव त्या गाठीने टिकवला.

मुनिरत्न अरुंद लेन काढत चालला होता. इमर्जन्सीत अंगापुरती लेन चालते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खुणा टाकत तो पुढे सरकत होता. रोज ज्या गतीने काम करायचा, जवळजवळ त्याच गतीने. मला वाटत होतं ओरडावं, लवकर. मी ओरडलो नाही.

"कंट्रोल, एक सापडली. डावीकडे. मार्क केली. उजवीकडून वळसा घेतोय. ओव्हर."

"ठीक. ओव्हर."

मग बराच वेळ काही नाही. कंदय्याचं ओरडणं कमी होत गेलं. ते जास्त वाईट होतं. नंतर रेडिओ वाजला.

"कंट्रोल, पोचलो. जिवंत आहे. टूर्निकेट बांधतोय, रक्त थांबेल. ओव्हर."

"शाबास. बंडारा मागेच आहे."

बंडारा लेनमध्ये खाली वाकून स्ट्रेचर उघडत होता. त्याच वेळी टेपबाहेरून रासम्माने नवऱ्याला मोठ्याने हाक मारली. मला दुर्बिणीतून मुनिरत्नची पाठ दिसत होती. ती एकदम डावीकडे गेली. त्याचा डावा गुडघा पांढऱ्या खुणेच्या बाहेर टेकला.

पुन्हा ते दार आपटलं.

"सर, हवालदार डाउन." बंडाराचा आवाज.

"लेन सोडू नकोस."

"लेनमध्येच आहे, सर."

बंडाराने त्याला ओढत आणलं. मी आणि सेल्वी दुसरं स्ट्रेचर घेऊन त्याच वाटेने गेलो आणि कंदय्याला आणलं. मुनिरत्नने टाकलेल्या खुणा सरळ रेषेत होत्या. मी गुडघ्यांवर त्यांच्यामधून गेलो. एकही हललेली नव्हती.

अ‍ॅम्ब्युलन्स एकच होती. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. सेल्वी मधे बसली. तिचा एक हात कंदय्याच्या मांडीवर होता आणि दुसरा मुनिरत्नच्या पोटावरच्या पट्ट्यांवर. मी मुनिरत्नच्या उशाशी. रस्ता खराब होता. तो शुद्धीवर होता.

"साब, लेन बंद केली का? कुणी आत जाईल."

"केली."

"बंडारा?"

"ठीक आहे."

त्याने मान हलवली. त्यानंतर तो बोलला नाही. हॉस्पिटलच्या गावाची पहिली घरं दिसू लागली तेव्हा सेल्वीने त्याच्या पोटावरचा हात काढला आणि दोन्ही हात कंदय्याच्या पायावर ठेवले. मला त्यावरून समजलं.

मी मुनिरत्नला शवपेटीतून घेऊन बेंगळूरला आलो. पीण्यातल्या त्यांच्या गल्लीत त्या दिवशी शेजारच्या शेडमधली लेथ मशिनंही बंद ठेवली होती. जयम्मा माझ्याशी एकच वाक्य बोलली. "अण्णा, तुम्ही जेवलात का?"

पुढे चौकशी झाली. ती व्हायलाच हवी. मला विचारलं, काय पाहिलं? मी जे पाहिलं ते सांगितलं. गुडघा साफ न केलेल्या जमिनीवर टेकला. का टेकला? दिसलं नाही. बंडाराची मान खाली होती. सेल्वी लांब होती. कंदय्याला तेव्हा बेशुद्धीतच कोलंबोला हलवलं होतं. त्याचा जबाब राहून गेला. निष्कर्षात कारण लिहिलं: घाई.

संस्थेचा एक माणूस जयम्माला भेटायला आला तेव्हा त्याने चांगल्या मनानेच सांगितलं, की माणूस वाचवायच्या घाईत त्यांच्याकडून ड्रिल चुकलं. तो गेल्यावर तिने मला फोन केला.

"अण्णा, ते आणि घाई?"



मी करार पूर्ण केला आणि घरी परतलो. मुलगा सर्जापूर रोडला मोठ्या अपार्टमेंटमध्ये राहतो. म्हणाला, अप्पा, आता पुरे, आमच्याकडे या, इथे वॉकिंग ट्रॅक आहे. मी चार दिवस त्या ट्रॅकवर चाललो. मग चामराजपेटला परत आलो.

पीण्यात एका जुन्या शेडमध्ये कृत्रिम पाय बसवण्याचं केंद्र आहे. तिथे शेजारच्या देशांतले सुरुंगात जखमी झालेले लोक आणायला सुरुवात झाली होती. त्यांना दुभाषा हवा होता. के.आर. मार्केटहून मेट्रो धरून मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. श्रीलंकेतले लोक असत. आपले स्वतःचेही असत. जम्मूच्या सीमेवरचा एक शेतकरी होता, म्हशीमागे गेला आणि पाय गमावून बसला. माइन आपल्याच बाजूची होती. तो आणि एक श्रीलंकेचा कोळी एकाच बाकावर बसून पाय बसवून घेत. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तुटलेल्या पायाचं टोक सुजलं की पाला कसा बांधायचा, ते हातवारे करून सांगत होते.

एके दिवशी व्हॅनमधून नवे लोक उतरले. शेवटचा माणूस कुबड्यांवर होता. त्याने मला पाहिलं आणि दारातच थांबला. कंदय्या.

त्याला तिकडे पहिला पाय बसवला होता, पण तो लागत होता, जखम होत होती. म्हणून इकडे पाठवलं होतं. इथे नवा पाय केला. माप बरोबर आलं. जखम भरली. तरी तो चालेना. आधाराच्या दोन आडव्या बारच्या मधे उभा राहायचा, सगळा भार हातांवर घ्यायचा, पाय टेकवायचा नाही. टेक्निशियन मला म्हणाला, "सर, पायात काही प्रॉब्लेम नाही. त्यांना विचारा तरी, काय होतंय."

मी लगेच विचारलं नाही. दुपारी शारदाने, माझ्या बायकोने, दिलेला चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा डबा उघडला आणि निम्मा त्याच्या ताटात घातला. दोन घास खाऊन त्याने हात थांबवला.

"ऐय्या, मी उठत होतो."

"कधी?"

"तेव्हा. त्यांनी पट्टी बांधली. तेवढ्यात रासम्माने हाक मारली. माझं डोकं जाग्यावर नव्हतं. मला वाटलं, तिच्याकडे जावं. ते म्हणाले, असैयादींगा ऐय्या, हलू नका. मी ऐकलं नाही. त्यांना हाताने ढकललं आणि त्या बाजूला वळलो. मग त्यांनी मला आडवं पाडलं आणि स्वतः माझ्यावर पडले. मला धरताना त्यांचा गुडघा बाहेर गेला."

शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. तो थांबेपर्यंत मी थांबलो.

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही." मग तो म्हणाला, "त्यांच्या घरी कोण आहे?"

"बायको. इथून दोन रस्ते पलीकडे काम करते."

"मला तिकडे न्या."

"आधी तिला विचारतो."

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, प्लीज. त्या काकू कशाबशा सेटल झाल्यात. परत तेच सगळं कशाला?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शारदाला विचारलं. ती म्हणाली, "तिला ठरवू द्या. तुम्ही दोघं कोण?"

जयम्मा गिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी मी गेटवर उभा राहिलो. ती बाहेर आली, मला बघून घाबरली. मी म्हटलं, वाईट काही नाही. कंदय्या आलाय एवढंच सांगितलं. त्याला तुला भेटायचंय म्हणालो, काय बोलायचंय ते त्याच्याच तोंडून ऐक.

ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली. ट्रक जात होते.

"अण्णा, तो कसा आहे?"

"पाय बसवलाय. चालत नाही."

"का?"

"माहीत नाही."

तिने पिशवी खांद्यावर नीट केली. म्हणाली, "सरी, बरं. उद्या अर्धी रजा टाकते."

दुसऱ्या दिवशी ती आली. कारखान्याचा निळा कोट अंगावर तसाच होता. कंदय्या बाकावर बसला होता. तिला बघताच तो कुबड्या सोडून खाली वाकू लागला, पाया पडायला. तिने त्याचे खांदे धरून त्याला परत बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसली.

तो तमिळमध्ये सांगत होता, मी कन्नडमध्ये सांगत होतो. ढकललं या शब्दापाशी मी थांबलो. तिला तमिळ थोडं कळत होतं.

"अण्णा, पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितलं.

मग मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. अपघातानंतर ती जागा सेल्वीने साफ केली. मुनिरत्नच्या गुडघ्याखाली आली ती एक माइन. तिच्या पलीकडे हातभर अंतरावर, रासम्मा उभी होती त्या दिशेला, दुसरी होती. कंदय्या उठून चालला असता तर तिच्यावर गेला असता. बंडारा त्यांच्या अगदी मागे होता.

जयम्माने चष्मा काढला आणि पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"म्हणजे घाई केली नव्हती."

"नाही."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पण ठाऊक असून भागत नाही, अण्णा. लोक सांगतात तेच राहतं."

तिने चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि कंदय्याकडे वळली. मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "चालून दाखवा."

कंदय्याने मान हलवली. "भीती वाटते, अम्मा."

"कशाची?"

"पाय टेकवायची."

जयम्माने खाली बघितलं. चप्पल काढली आणि अनवाणी पाय जमिनीवर दोनदा आपटला. "हे सिमेंट आहे. याच्याखाली काही नाही."

तो उठला. टेक्निशियनने त्याला दोन बारच्या मधे उभं केलं. जयम्मा बारच्या बाहेरून, त्याच्या बरोबरीने उभी राहिली. त्याने नवा पाय पुढे केला, हवेत धरला.  जम्मूचा शेतकरी बाकावरून बघत होता.

"सावकाश," जयम्मा म्हणाली. "घाई नाही."

त्याने पाय टेकवला. भार दिला. मग दुसरा उचलला. बारच्या शेवटापर्यंत गेला. तिथे पोचल्यावर त्याला रडू कोसळलं. ती रडली नाही. वळा, म्हणाली, आणि परत या. तो परत आला. ती शेवटपर्यंत त्याच्या बरोबरीने चालली. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, अर्धीच रजा आहे, मला जायला हवं.

कंदय्याचा जबाब मी तमिळमध्ये लिहून घेतला, इंग्रजीत करवून घेतला आणि संस्थेकडे पाठवला. फाइल बंद झाली आहे, असं उत्तर आलं. मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर आलं. जयम्माला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, राहू द्या, मला जे हवं होतं ते मी ऐकलं.

ते शेत आता साफ झालं आहे. हस्तांतराच्या दिवशी मला जाता आलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बंडाराने फोन केला. म्हणाला, सैन्याचे लोक आले होते, गावातले सगळे आले होते, कंदय्या त्या जमिनीवरून चालत विहिरीपर्यंत गेला. सेल्वी त्याच्या मागे होती. विहिरीत गाळ आहे, पण पाणी आहे. आता तिथे कांदा लावलाय.

मग बंडारा म्हणाला, "सर, गावातल्या लोकांनी त्या जमिनीला नाव ठेवलंय. हवालदार काणी म्हणतात."

काणी म्हणजे तमिळमध्ये शेताचा तुकडा. गावातल्या लोकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे त्याला हवालदार म्हणायचो, तेच त्यांनी ऐकलेलं. पुढे ती मुलंमाणसं म्हातारी होतील, कुणीतरी विचारेल हा हवालदार कोण, आणि त्यांना सांगता येणार नाही.

म्हणून इथे लिहितो. त्याचं नाव मुनिरत्न. इंजिनिअर्समधला हवालदार. पीण्याचा राहणारा, जयम्माचा नवरा. परक्या देशात, ज्याची भाषा थोडीफार येत होती अशा एका माणसाला जमिनीवर धरून ठेवताना तो गेला. त्याने घाई केली नव्हती.